दोन बाटल्या पाणी

पाणी ओळखावं ते माझ्या विहिणीनेच. माणसं ओळखायला तिला कधी जमलं नाही आणि त्याची तिला खंतही वाटली नाही. पण पेलाभर पाणी तिच्यापुढे ठेवा; ते विहिरीचं की धरणाचं, जड की हलकं, आणि त्यात तुरीची डाळ किती वेळात शिजेल, हे ती एका घोटात सांगायची. डॉक्टरला नाडी कळत नसेल इतकं तिला पाणी कळायचं. हे मी कौतुकाने सांगत नाही. कौतुक करायची मला सवय नाही आणि तिने ते कधी मागितलंही नाही. जे होतं ते सांगते.

आमची पहिली भेट ती माझ्या लेकीला बघायला आली तेव्हाची. मी मार्केट यार्डाच्या मागे राहते. तिथल्या गाळ्यांवर कांदा-बटाटा निवडण्यात माझी तीस वर्षं गेली. ती मुलाला घेऊन कर्वेनगरातून आली होती. मुलगी बघायला येणारे चार प्रश्न विचारतात, निदान मुलीकडे बघतात तरी. हिने ताटातल्या वरणातून डाळीचा एक दाणा उचलला, अंगठा आणि बोटात धरून दाबला, तो काही दबेना, तेव्हा माझ्यासमोर धरून म्हणाली, "तुमच्याकडे बोअरचं पाणी येतं." मी म्हटलं, "येतं. मुलगी बोअरची नाही. पसंत आहे का तेवढं सांगा." तेव्हा कुठे तिने मान वर करून आधी माझ्याकडे आणि मग लेकीकडे पाहिलं. बाहेर गेल्यावर ती माझ्या भावाला म्हणाली म्हणे, या बाईशी माझं जमेल. मी त्याच भावाला त्याच संध्याकाळी म्हटलं होतं की या बाईशी माझं एक दिवस जमणार नाही. लग्न विहारात लागलं, अर्ध्या तासात आटोपलं. आलेल्या पाहुण्यांना मुलाची आई दिसलीच नाही, कारण ती सगळा वेळ आचाऱ्याच्या मागे उभी होती. डोळा चुकवून त्याने डाळीत सोडा टाकला तर काय घ्या. सोडा टाकून डाळ शिजवणाऱ्याला ती चोराच्याही एक पायरी खाली धरायची.

नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती कर्वेनगरात कॉलेजच्या पोरांना डबे द्यायची. पोरांची नावं तिला ठाऊक नसत. एक 'भात नको' होता, एक 'कांदा नको', एक 'आई आजारी', आणि एक उंच मुलगी 'अर्धी पोळी' होती, ती पुढे वकील झाली तरी भेटायला यायची आणि 'अर्धी पोळी आलीय' म्हणूनच ओळख सांगायची. एका पोराने रिकाम्या डब्यात चिठ्ठी पाठवली, जेवण फार छान होतं. दुसऱ्या दिवशी तिने भरलेल्या डब्यात उलट चिठ्ठी घातली, मला माहीत आहे. दुसऱ्या एकाने डाळ पातळ होती असं कळवलं. त्याला तिने तीन दिवस डब्यात नुसती घट्ट डाळ दिली, पोळी नाही, भाजी नाही. चौथ्या दिवशी तो येऊन पाया पडला. तिने त्याला पाया पडू दिलं नाही, बसवून जेवायला घातलं.

कुकर तिच्या घरात नव्हता. तीस-चाळीस जणांची डाळ ती जाड बुडाच्या पातेल्यात, वर पाण्याने भरलेली ताटली झाकून शिजवायची. पहिला फेस काढायचा, मग हळद, मग तेलाचा थेंब, मग आच कमी, आणि मग हात लावायचा नाही. मी एकदा विचारलं की एवढा वेळ कशाला घालवता, कुकर लावा आणि मोकळ्या व्हा. ती म्हणाली, "शिट्टी ऐकून शिजते ती भ्यालेली डाळ, विहीणबाई. ती चव देत नाही, जबानी देते." तिची डाळ खरोखर चांगली असायची. मार्केट यार्डात मी जन्मभर उभ्याने भाकरी आणि ठेचा खाल्ला. जेवणातलं मला कळत नाही. पण तिची डाळ भातावर ओतली की मीसुद्धा गप्प बसायचे, आणि मला गप्प बसवणं सोपं नाही.

तिच्या फळीवर बाटल्या असत. कुणी गावाला निघालं की तिचं एकच मागणं, तिथलं बाटलीभर पाणी आणा. बाटलीला चिकटपट्टी लावून त्यावर ती गावाचं नाव लिहायची आणि फुरसतीने मूठभर डाळ त्या पाण्यात शिजवून निकाल द्यायची. डाळ शिजली तर गाव चांगलं, नाही तर त्या गावच्या सगळ्या माणसांबद्दल तिचं मत कायमचं वाईट. शेजारच्या आजींना वाटलं की ही सगळी तीर्थं आहेत. त्या रोज येता-जाता फळीला हात जोडायच्या. ही म्हणायची, जोडू दे, पाणीच आहे, त्याला काय कळतंय. पुढे पुढे लोक तिला विचारायला येऊ लागले. एका कारकुनाच्या मुलीला लांबचं स्थळ आलं होतं. हिने तिकडचं पाणी मागवलं आणि सांगितलं, मुलगा गुणी असेल, पण मुलीला जन्मभर दाणे चावायची तयारी ठेवायला सांगा. लग्न झालंच. मुलगी सुखात आहे. विहीण म्हणते, तिने सांगितलं नसेल.

असं सगळं बरं चाललं होतं. मग जावयाच्या कामाची गोष्ट निघाली. माझा जावई शीतगृहातल्या यंत्रांचं काम करतो. मोठमोठ्या खोल्या गार ठेवायच्या, त्यात फळं-भाज्या महिनोन् महिने टिकवायच्या. कामात हुशार, बाकी निर्णयाच्या नावाने शून्य. चपला घ्यायला गेला तर दोन जोड हातात धरून दुकान बंद व्हायची वाट बघतो. त्याच्या कंपनीने पुण्यातलं काम गुंडाळलं आणि त्याच्यापुढे दोन जागा ठेवल्या. एक पार वर हिमाचलात, सफरचंदांच्या गोदामावर. दुसरी पार खाली, तमिळनाडूत, कोइंबतूरच्या बाजूला. महिन्याभरात कळवायचं. जावई आणि लेक कागदावर दोन रकाने पाडून बसले. शाळा, दवाखाना, घर, भाषा, हवा. माझी नात तेव्हा पाच वर्षांची होती आणि रस्त्यावरच्या धुराने सारखी खोकायची. डॉक्टरांनी तिला या धुळीतून हलवा म्हणून केव्हाचं सांगितलं होतं. पण हवा दोन्हीकडे बरी, शाळा दोन्हीकडे बरी. रकाने भरले आणि दोन्ही सारखेच निघाले. मग जावई त्याच्या स्वभावाप्रमाणे विहिणीला म्हणाला, "आई, तू म्हणशील तिथे जाऊ."

खरं तर त्यात चूक काही नव्हती. घर सोडून जायचं तर सगळ्यांत जास्त तिचंच सुटणार होतं. जावयाला काम मिळणार होतं, नातीला शाळा, लेक कुठेही शिकवण्या घेते. तिचे मात्र डबे बंद होणार होते. मी तिला तेव्हा विचारलं की तिकडे जाऊन करणार काय. ती पोळी लाटत होती, मान वर न करता म्हणाली, "गोदामावर घर सोडून आलेले लोक असतीलच. त्यांना डबे देईन. डबा बंद झाला की मी बंद, विहीणबाई." तिकडचे लोक तुमची डाळ खाणार का, म्हटलं. त्यावर तिचं उत्तर, भुकेला माणूस आधी भाषा विचारत नाही.

मग तिने मला कामाला लावलं. मी तोवर काम सोडलं होतं, पण मार्केट यार्डात मला ओळखत नाही असा माणूस नाही. तिथे सफरचंदांचे ट्रक हिमाचलातून येतात आणि नारळांचे खालून. तिचा हुकूम झाला, दोन्हीकडचं पाणी पाहिजे. एका सरदारजी ड्रायव्हरला मी समजावून सांगितलं. तो आधी हसला, पण पुढच्या खेपेला गोदामाच्या दारातल्या झऱ्याचं पाणी दोन लिटरच्या बाटलीत भरून घेऊन आला. नारळवाल्याने त्याच्या गावच्या नळाचं आणलं. दोन्ही बाटल्या पिशवीत घालून मी स्वारगेटला बस बदलून कर्वेनगरात पोचवल्या. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात ओझं वाहायला मी होते.

एका रविवारी तिने सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं. दोन शेगड्या, दोन पातेली, मोजून सारखी डाळ. लेक मला हळूच म्हणाली की दहावीच्या निकालाचीसुद्धा अशी वाट बघितली नव्हती. कोइंबतूरच्या पातेल्यात डाळ तळाशी जाऊन बसली आणि शेवटपर्यंत हटून राहिली. हिमाचलच्या पातेल्यात मात्र ती फुलली, फुटली, आणि पळी फिरवायची गरज न पडता एकजीव झाली. तिने चमच्याने थोडी हातावर घेऊन चाखली. "हिमाचल," ती म्हणाली. असं समाधान मी तिच्या तोंडावर मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मी माझ्या तोंडाला कधी कुलूप लावलेलं नाही, तेव्हाही लावलं नाही. म्हटलं, तुमचे गुडघे काय म्हणतात ते त्यांना विचारलं का. डिसेंबरात कर्वेनगरात तुम्ही दोन स्वेटर घालून पोळ्या लाटता, तिकडे बर्फ पडतो. पाण्यावरून कुणी मुलूख निवडतं का. ती म्हणाली, मग कशावरून निवडायचा, मोबाइलमधल्या फोटोवरून? फोटोतला डोंगर जेवायला घालत नाही. आणि गुडघे काय डब्यात भरायचे आहेत? जावई कोपऱ्यात बसून दोन्ही पातेल्यांकडे बघत होता. त्याने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, जांभई असेल.

ते गेले. पातेलं तिने मांडीवर घेऊन नेलं, सामानात टाकलं नाही. फळीवरच्या बाटल्या रिकाम्या करून भंगारवाल्याला दिल्या. पुण्याचं पाणीही बरोबर नेलं नाही. म्हणाली, त्याची परीक्षा कधीच झालीय.

रविवारी फोन यायचा. आधी लेक बोलायची, मग नात, मग विहीण. नातीचा खोकला दोन महिन्यांत गेला. विहीण सांगायची, बारा डबे झाले. मग पंधरा. दिवाळीत वीस. गोदामातले लोक बोटं चाटतात, म्हणाली. मी म्हटलं, थंडीत बोटं बाहेर काढतात का? ती हसली नाही. तिचं न हसणं मला नवीन नव्हतं, म्हणून मी त्यावर विचार केला नाही. उलट मला थोडं लागलंच. इथे मी एकटी भिंतीकडे बघत बसलेली आणि ही या वयात परक्या मुलखात वीस डबे लावून मोकळी.

दीड वर्षाने लेकीने हट्टाने मला तिकडे बोलावलं. चंदीगडपर्यंत रेल्वे, मग पोटातलं सगळं हलवणारी बस. त्यांचं घर रस्त्यापासून खूप वर, दगडी पायऱ्यांनी चढायचं. मी धापा टाकत पोचले, तर नात त्याच पायऱ्या पळत उतरून मला न्यायला आली आणि पळतच वर गेली. एकदाही खोकली नाही. ते बघून बरं वाटलं. विहीण दारात उन्हाला बसली होती, अंगावर घोंगडी, हात घोंगडीच्या आत. ते हात मी कधी रिकामे पाहिले नव्हते. दुपार झाली तरी घरात डब्यांची घाई दिसेना. ओट्यावर कुकर होता. शिट्टी झाली तशी विहीण उठली आणि मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मी लेकीला विचारलं, वीस डबे कुठे ठेवता. ती म्हणाली, "कसले डबे, आई?"

मग तिने सांगितलं ते असं. आल्यावर आठव्या दिवशी विहिणीने गोदामातल्या बारा लोकांना जेवायला बोलावलं. पहिला दिवस फुकट घालायचा, मग डबे सुरू करायचे, हा बेत. सकाळी सातला डाळ चढवली. त्याच झऱ्याचं पाणी, तेच पातेलं. पाणी खळखळा उकळलं आणि डाळ जशीच्या तशी. नऊ वाजले, अकरा वाजले, माणसं येऊन ओळीने बसली. दुपारी एकला तिने झाकण काढलं तेव्हाही दाणे सुटे होते आणि पाणी वेगळं. लोक भले होते, भातावर घेऊन खाऊन गेले. शेजारच्या बाईने मात्र हसत सांगितलं की माताजी, इतक्या उंचावर कुकरशिवाय डाळ शिजत नाही, हे तर इथलं लहान मूलही जाणतं. संध्याकाळी जावयाने समजावलं. उंचावर पाणी लवकर उकळतं, पण तापतं कमी. त्याच्या यंत्रांच्या कामात हेच सगळं असतं, त्याला पहिल्यापासून माहीत होतं. आधी का बोलला नाहीस, असं लेकीने विचारलं तर म्हणाला, आईने विचारलं नाही.

आम्ही पाणी आणून पारखलं होतं. डोंगर काय बाटलीत येणार होता? आणि तिच्याजवळ कुकर असता, सगळ्या जगाजवळ असतो तसा, तर तिला हे कधी कळलंही नसतं.

लेक सांगत होती, पुढे तिने बरंच करून पाहिलं. डाळ आदल्या दिवशी भिजत घातली, जाड झाकणावर दगड ठेवला. शिजायची, पण एकजीव व्हायची नाही, आणि महिन्याची गॅसची टाकी दहा दिवसांत संपायची. मग एक दिवस तिने पातेलं घासून पालथं घातलं आणि ती दारात जाऊन बसली. फोनवर मला काय सांगायची ते लेकीला माहीतच नव्हतं. फोन घेऊन विहीण अंगणात जायची.

मी जाऊन तिच्याजवळ बसले. ऊन चांगलं होतं. मी म्हटलं, "वीस डबे कुठे आहेत, विहीणबाई?"

"कळायला दीड वर्ष लागलं तुम्हाला," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्ही हुशार."

मला 'मी म्हटलं होतं' असं म्हणायचं होतं. ते म्हणायची संधी मी आयुष्यात एकदाही सोडलेली नाही. पण तिचे हात घोंगडीत होते आणि मला ते म्हणता आलं नाही. त्याऐवजी मी तिला परत चला म्हटलं. तिची पोरं अजून कर्वेनगरात दार वाजवून विचारतात, असंही सांगितलं. ते खोटं होतं. पोरं दर वर्षी नवी येतात, ती कशाला विचारतील.

"माझ्या शब्दावर सगळे इथे आले," ती म्हणाली. "पोरीचा श्वास मोकळा झाला. आता माझी डाळ शिजत नाही म्हणून तिघांना उठवू?"

"त्यांना राहू द्या. तुम्ही एकट्या या. माझ्याकडे राहा."

ती पहिल्यांदाच थोडी हसली. विहिणींनी एका घरात राहू नये, म्हणाली. चार दिवसांत आपण एकमेकींचं तोंड बघणार नाही, आणि मग तुमच्या लेकीने कुणाची बाजू घ्यायची?

"मग कुकर लावा," मी म्हटलं. "जग लावतं."

तिने समोरच्या डोंगराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "लावला होता. एकदा. तुमची लेक बाहेर गेली होती तेव्हा. डाळ चांगली झाली."

"मग झालं की."

"झाकण लावलं, शिट्ट्या मोजल्या, झाकण काढलं. त्यात मी काय केलं, ते मला समजेना." तिने घोंगडी वर ओढली. "घरात चला, ऊन गेलं."

मी तिथे पंधरा दिवस राहिले. आम्ही रोज उन्हाला बसलो आणि रोज कशावरून तरी भांडलो. मी निघाले त्या दिवशी तिचे गुडघे पायऱ्या उतरायला तयार नव्हते. ती वरच उभी राहिली. लेक आणि नात मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. मी मागे वळून पाहिलं नाही. पायऱ्या ओल्या होत्या, खाली बघूनच उतरावं लागत होतं. आता मी परत तिथवर जाऊ शकत नाही आणि ती इथवर येणार नाही. हे आम्हा दोघींना माहीत आहे. त्यावर आम्ही बोलत नाही.

फोन अजून रविवारी येतो. डब्यांचा विषय संपला. पहिले काही रविवार आम्हाला बोलायलाच काही सापडेना. मग एकदा तिने विचारलं, आज काय केलंत. मी भाकरी आणि ठेचा म्हटलं. पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं, पुन्हा भाकरी आणि ठेचा. तिसऱ्या रविवारी फोन यायच्या आधी मी उठले, पातेल्यात मूठभर डाळ टाकली आणि वर पाण्याची ताटली झाकली. आमच्याकडे हल्ली धरणाचं पाणी येतं. सत्तरी ओलांडल्यावर मी स्वयंपाक शिकतेय, तोही मला आवडत नसताना, कारण तिला खोटं सांगितलेलं लगेच कळतं.

ती सगळं विचारते. फेस काढला का, हळद कधी टाकली, तेल किती. मी सांगते. मग ती विचारते, किती वेळ लागला. मी घड्याळ बघून ठेवलेलं असतं. चाळीस मिनिटं, मी सांगते. एकजीव झाली? झाली. पलीकडून बराच वेळ काही आवाज येत नाही. मला वाटतं, फोन कट झाला असेल. मी तरी कानाला धरून बसते.

मग ती म्हणते, "हिंग जरा बेताने घालत जा."